व्हाइट हाउसचा उभा छेद: प्रकल्प नोंदी, लातूर

३ फेब्रुवारी २०२५
विषय पक्का झाला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घरात पाणी, गॅस, तार (टेलिग्राफ), टेलिफोन, वीज आणि गारवा कोणत्या क्रमाने शिरले आणि शिरताना त्यांनी घराचं काय केलं, हे वाचनालयाच्या विज्ञान दालनात दाखवायचं. नुसते तक्ते लावायचे नाहीत. एका बाजूची भिंत काढलेला उभा छेद आणि आत खरोखर चालणाऱ्या गोष्टी.

माप: मूळ इमारत ओसऱ्या सोडून १६८ फूट लांब आणि साडेपंच्याऐंशी फूट रुंद. १:२५ प्रमाण धरलं तर २.०५ मीटर × १.०४ मीटर, म्हणजे ८ × ४ च्या एका प्लायवर कडेने बोटभर जागा सोडून बसतं. उंची ८५ सेंमी. मूळ घरात १३२ खोल्या आहेत. आपण १४ करू. बाकीच्या भिंतीवर नुसत्या रेघा.

तक्त्यांच्या भाषेबद्दल: अमेरिकेसाठी ‘राष्ट्राध्यक्ष’, आपल्याकडच्यासाठी ‘राष्ट्रपती’. दोन्हीकडे एकच शब्द वापरला की वाचणारा दिल्ली आणि वॉशिंग्टनमध्ये अडकतो.

७ फेब्रुवारी
नळ्या-तारांचे रंग ठरले. निळा: १८३३, नळाचं पाणी. पिवळा: १८४८, गॅस. लाल: १८५३, गरम पाण्यावर चालणारी खोल्यांची ऊब. काळा: १८६६ ची तार आणि १८७७ चा टेलिफोन. हिरवा: १८९१, वीज. पांढरा: १९३३, राहत्या खोल्यांतलं वातानुकूलन.

एक नियम सगळ्यांनी पाळायचा: नळी ज्या भिंतीतून किंवा तुळईतून जाते तिथलं भोक झाकायचं नाही. पुट्टी नाही, सनमायका नाही. अध्यक्ष जॉन अॅडम्स १८०० च्या नोव्हेंबरात राहायला आले तेव्हा घरात यातलं काहीच नव्हतं आणि कशासाठीही जागा राखलेली नव्हती. पुढे जे आलं ते भिंत फोडून आलं. पाहणाऱ्याला भोकंच दिसली पाहिजेत.

१२ फेब्रुवारी
पाणी. १८३३ साली अँड्र्यू जॅक्सनच्या काळात जवळच्या झऱ्याचं पाणी लोखंडी नळांतून घरात आलं. पहिला उपयोग पिण्यासाठी आणि आग लागली तर साठा असावा म्हणून. लगेचच न्हाणीघरही झालं: थंड पाण्याचा हौद, फवारा, आणि तांब्याच्या भांड्याखाली कोळसा पेटवून तापवलेलं पाणी. आपल्याकडच्या बंबाची चुलतबहीण.

प्रतिकृतीत: २० लिटरचा कॅन, तळ तोटीच्या १.२ मीटर वर, ८ मिमी बाहेरच्या व्यासाची पारदर्शक नळी, तीन तोट्या. खाली टबात पडलेलं पाणी १२ व्होल्टच्या छोट्या पंपाने परत वर. पाणी फिरतं ठेवायचं, वाहू द्यायचं नाही. २०१६ साली ज्या शहरात रेल्वेने पाणी आलं तिथे नाली धरून पाणी सोडून देणारं प्रदर्शन कुणी बघणार नाही.

अडचण: पहिल्या मजल्यावरची तोटी वाहते, दुसऱ्यावरची थेंबथेंब, पूर्वेकडची बंदच. कॅन भरलेला, नळी मोकळी, वाकडीही नाही.

१३ फेब्रुवारी
कारण सापडलं. नळी छताजवळून जाताना मध्ये कमान करून वर गेली होती आणि त्या उंचवट्यावर हवा अडकली होती. १.२ मीटर उंचीचा दाब फक्त ०.१२ किलो प्रति चौरस सेंमी. एवढ्याशा दाबाला हवेचा बुडबुडा पुढे ढकलता येत नाही.

उपाय: उंचवट्यावर टी (तीन तोंडांचा जोड) जोडला आणि त्यातून एक उभी नळी वर काढून तोंड उघडं ठेवलं. हे तोंड कॅनमधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवं, नाहीतर तिथूनच कारंजं उडतं (उडलं). हवा गेली, तिन्ही तोट्या चालू.

छत्रपती संभाजीनगरच्या नहर-ए-अंबरी या जुन्या पाणीयोजनेवर वाटेत उभे मनोरे दिसतात, त्यांचं एक काम हेच: बंद नळातली हवा बाहेर काढणं. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली आणि पुढे ही नहर बांधली, म्हणजे ही नहर वॉशिंग्टनच्या नळांपेक्षा दोनशे वर्षांनी थोरली. पंचक्कीला गेलेल्या प्रत्येकाला असा मनोरा माहीत असतो, तो कशासाठी ते मात्र नाही. पाण्याच्या तक्त्यावर दोन्ही चित्रं शेजारी घ्यायची.

२४ फेब्रुवारी
पारदर्शक नळीत शेवाळ. खिडकीचा उजेड आणि बोअरचं पाणी, बारा दिवसांत आतून हिरवी झाली. गडद निळी नळी टाकली. तसाही निळाच रंग हवा होता. पाणी दर सोमवारी बदलायचं.

२७ फेब्रुवारी
गॅस. खरा गॅस लावण्याचा प्रश्नच नाही. पिवळ्या उजेडाच्या एलईडी, प्रत्येक झुंबराला सहा, आणि उजेड हलता दिसावा म्हणून छोटं सर्किट. या भागात वेळ घालवण्यासारखं एकच आहे. १८४८ साली जेम्स पोकच्या काळात गॅसचे दिवे आले, पण सारा पोकने एका दालनातलं मेणबत्त्यांचं झुंबर तसंच ठेवायला लावलं. सांगतात असं की पहिल्याच समारंभात रात्री नऊला गॅसचा कारखाना बंद झाला, सगळं घर काळोखात आणि तेवढं एक दालन उजेडात. भारनियमनात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. घरात इन्व्हर्टर आला तरी कंदिलाची काच पुसून ठेवणाऱ्या आज्या इथे घरोघर होत्या.

प्रतिकृतीत: टायमर रिले (ठरल्या वेळी वीज आपोआप तोडणारा-जोडणारा स्विच), दर चार मिनिटांनी पिवळी लाइन वीस सेकंद बंद. मेणबत्तीचं झुंबर वेगळ्या लाइनवर, ते चालूच. पहिल्या जोडणीत दोन्हींचा ऋण टोकाचा धागा एकाच स्क्रूखाली घेतला होता आणि रिले त्याच बाजूला होता, म्हणून दोन्ही विझत होती. रिले धन बाजूला घेतला.

५ मार्च
मोठी चूक. दालनाच्या दाराची चौकट ३६ इंच म्हणजे ९१ सेंमी. पाया ४८ इंच रुंद. आडवा करून नेऊ म्हटलं तर उंची ८५ आणि खालचा अँगलचा सांगाडा १० सेंमी, एकूण ९५. दोन्ही अंगांनी अडकतो. हे पहिल्या दिवशी टेप लावून पाहायला हवं होतं.

दार फोडायचं नाही. प्रतिकृती मधल्या लांब कॉरिडॉरमधून उभी कापून पुढचा आणि मागचा असे ६१-६१ सेंमीचे दोन भाग करायचे. पायाला एम८ चे सहा बोल्ट, भिंतींना लाकडी खुंट्या. सहा रंगांच्या नळ्या-तारा या कापावरून जातात: पाण्याला दाबून बसणारे जोड, तारांना प्लग-सॉकेट.

राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमनच्या काळात १९४९ ते १९५२ मध्ये घराची मोठी दुरुस्ती झाली, तिच्यात नेमकं हेच झालं होतं. घर आतून पूर्ण पोखरायचं होतं, पण बाहेरच्या दगडी भिंतीत मोठं दार पाडायला अध्यक्षाने नकार दिला. मग बुलडोझर सुटा करून आत नेला आणि आत जोडला. हा प्रसंग तक्त्यावर घेऊ. शेजारी आपल्या कापाची रेघ पाहणाऱ्याला दिसेलच.

१० मार्च
टेलिफोन. १० मे १८७७, रुदरफर्ड हेज, तारखोलीत बसवला. थेट जोड फक्त अर्थखात्याशी, क्रमांक १. शहरात टेलिफोनच मूठभर, त्यामुळे तो क्वचित वाजायचा. राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर टेलिफोन आला तो १९२९ मध्ये, हर्बर्ट हूव्हरच्या वेळी. मधली बावन्न वर्षं उपकरण घरात होतं, टेबलावर नव्हतं. नवीन वस्तू घरात येणं आणि मालकाच्या हाताशी येणं यातलं अंतर या एका उदाहरणात जेवढं दिसतं तेवढं दुसऱ्या कशात नाही. म्हणून तक्त्यावर दोन्ही तारखा सारख्याच मोठ्या अक्षरात.

त्या काळच्या यंत्रात बोलायचं आणि ऐकायचं साधन एकच: चुंबक, त्यावर तारेचं वेटोळं, समोर पातळ पत्रा. बॅटरी नाही. आवाजाने पत्रा हलतो, वेटोळ्यात वीज तयार होते, पलीकडे उलटं घडतं. भंगारातल्या दोन जुन्या फोनमधला कानाला लावायचा भाग काढला आणि १५ मीटर दुहेरी तारेने सरळ जोडला. चालतो. आवाज बारीक, पण शब्द कळतात.

बोलायचा भाग घेऊन चालत नाही. जुन्या फोनमध्ये तो कार्बनच्या कणांचा असतो, त्याला बाहेरून वीज लागते. शाळांतून हा प्रयोग फसतो तो बहुतेक इथेच.

१७ मार्च
वीज, १८९१, बेंजामिन हॅरिसन. तारा भिंतीच्या गिलाव्यात पुरल्या, खोलीत गोल बटणं बसवली. जनित्र शेजारच्या सरकारी इमारतीच्या तळघरात. झटका बसेल म्हणून हॅरिसन कुटुंब बटणाला हात लावत नसे. कंपनीकडून वायरिंगला आलेला आइक हूव्हर संध्याकाळी दिवे लावायचा, ते रात्रभर जळायचे, सकाळी तोच विझवायचा. त्याला तिथेच ठेवून घेतलं आणि तो ४२ वर्षं त्या घरात राहिला. राष्ट्राध्यक्ष बदलत गेले, माणूस तोच.

गॅस लगेच काढला नाही. बरीच झुंबरं दुहेरी केली, गॅसही आणि वीजही. म्हणून पिवळी आणि हिरवी लाइन एकाच झुंबरात.

आपली तार: १२ व्होल्ट, एलईडी पट्टी ५ मीटर. एका टोकाने वीज दिली तर दुसरं टोक मंद. पट्टीच्या आतली तांब्याची पट्टी पातळ असते, व्होल्टेज वाटेतच उतरतं. दोन्ही टोकांनी दिली, फरक गेला. सगळ्या मांडणीला २३० व्होल्ट एकाच ठिकाणी, ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीमागे (गळती होताच वीज तोडणारा स्विच). पाणी आणि मुलं एकत्र आहेत, यात तडजोड नाही.

२५ मार्च
तुळया. सगळ्या मांडणीतला हा भाग पहिल्या नजरेत कंटाळवाणा आहे आणि खरं म्हणजे सगळं प्रदर्शन याच्यासाठी आहे.

१९४८ पर्यंत घराची जमीन हलायला लागली होती. वरून माणूस चालला की खालचं झुंबर किणकिणायचं. त्या वर्षी अध्यक्षांची मुलगी मार्गारेट ट्रुमन हिच्या पियानोचा पाय जमिनीतून खाली गेला. तपासणीत दिसलं की जुन्या लाकडी तुळया नळ, ऊब आणि वीज यांच्यासाठी जागोजाग कापल्या होत्या. भरीला १९२७ मध्ये वर पोलाद-काँक्रीटचा तिसरा मजला चढवलेला. कापणाऱ्या प्रत्येकाने आपल्यापुरतीच खाच पाहिली. आपल्याकडे स्लॅबमध्ये पाइपासाठी छिन्नी लावणारा प्लंबर आणि कडेला उभा असलेला घरमालक आठवावा.

चाचणी: पाइनच्या पट्ट्या, १२ मिमी रुंद × २५ मिमी उभ्या, दोन टेकूंमध्ये ९०० मिमी. मधोमध बादली, बादलीत मगाने वाळू. प्रत्येक प्रकारच्या तीन पट्ट्या.

सरळ पट्टी: ३१, ३४, ३६ किलोला मोडली.
खालून ८ मिमी खाच, मधोमध: १२, १३, १४ किलो.
उंचीच्या मध्यावर ८ मिमी आरपार भोक: ३०, ३२, ३३ किलो.
खालून ८ मिमी खाच, टेकूपासून ५० मिमी: ३०, ३१ किलो. तिसरी २४ ला खाचेच्या कोपऱ्यातून धाग्याच्या दिशेने फाटली.

हिशेब जुळतो. ताकद उंचीच्या वर्गावर जाते: १७ चा वर्ग भागिले २५ चा वर्ग, ०.४६. उरलेली घट खाचेच्या तीक्ष्ण कोपऱ्यामुळे, तिथे ताण गोळा होतो. कोपरा कानशीने गोल केला तर एकदोन किलो परत मिळतात. तुळईचा खालचा भाग ताणात, वरचा दाबात आणि मधल्या रेषेवर जवळपास काहीच नाही. म्हणून तेवढ्याच आकाराचं भोक मध्ये पाडलं तर फारसं बिघडत नाही आणि खाली खाच घेतली तर निम्म्याहून जास्त ताकद जाते. नळवाल्याला मात्र खाच सोयीची: खालून करवत दोनदा मारली, पटाशीचा एक घाव, नळ अडकवला. भोक पाडायचं तर गिरमिट आणि वेळ.

२६ मार्च
दालनात रोज पट्ट्या मोडता येणार नाहीत, म्हणून वाक दाखवायचं ठरलं. सरळ आणि खाच घेतलेली पट्टी शेजारी, दोन्हीवर ५ किलो, बाणाने वाक मोजायचा. फरक दिसेना: एकीला ५ मिमी, दुसरीला ६.

आधी वाटलं बाण अडकतो. अडकत नाही, हे असंच असतं. एखादी अरुंद खाच पट्टीचा वाक फारसा वाढवत नाही, मोडण्याची पातळी मात्र निम्म्याखाली आणते. वाक वाढतो तो खाचा दहा-बारा झाल्यावर. म्हणजे घर जेव्हा हलायला लागतं तेव्हा पहिल्या खाचेला कितीतरी वर्षं होऊन गेलेली असतात. हाच तक्ता. बाण ठेवायचे, फरक दिसत नाही म्हणूनच ठेवायचे, आणि शेजारी मोडलेल्या बारा पट्ट्या वजनाच्या चिठ्ठ्यांसह टांगायच्या.

३० मार्च
पाडवा. काम बंद.

८ एप्रिल
गारवा. दुपारी बाहेर ३९ अंश, आर्द्रता २० टक्के. चाचणीला याहून चांगला दिवस मिळायचा नाही.

२ जुलै १८८१ ला अध्यक्ष गारफिल्डवर गोळी झाडली गेली. वॉशिंग्टनच्या उकाड्यात तापाने फणफणलेल्या माणसाची खोली गार ठेवण्यासाठी नौदलाच्या इंजिनिअरांनी यंत्र केलं: बर्फाच्या पाण्याने भिजवलेले सुती पडदे, त्यांतून पंख्याने हवा, ती नळकांड्याने खोलीत. तापमान २० अंश फॅरेनहाइटने, म्हणजे सुमारे ११ सेल्सिअसने उतरलं. दोनेक महिन्यांत पाच लाख पौंडांहून जास्त बर्फ लागला. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. गोळी शोधायला ग्रॅहम बेल विजेवर चालणारं यंत्र घेऊन आला होता, तेही फसलं. पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ केला.

पाच लाख पौंड म्हणजे २ लाख २६ हजार किलो. साठ दिवसांनी भागलं तर दिवसाला ३,७८० किलो. किलोभर बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात, म्हणजे अखंड साडेचौदा किलोवॉटचा गारवा. एसीच्या भाषेत चार टनांच्या थोडा वर. आणि हा ‘टन’ मुळात बर्फाचाच: एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता खातो, तितकी उष्णता काढणारं यंत्र एक टनाचं. दीड टनाचा एसी घेणाऱ्याने दुकानदाराला विचारून पाहावं की दीड टन कशाचा. बहुतेक वेळा उत्तर वजनाच्या अंगाने जातं.

आपली पेटी: ४० × ४० × ६० सेंमी, आतून थर्माकोल, १२० मिमीचा १२ व्होल्ट पंखा, मलमलीचे पडदे, वर बर्फाचं पाणी सोडणारी भोकांची नळी, खाली टब, छोटा पंप. बर्फ ४ किलो, लादीचा फोडून.

पहिली खेप: चार पडदे. हवा येईचना. भिजलेली मलमल जवळपास बंद भिंत असते आणि या पंख्याला दाब नाही. दोन पडदे, मध्ये आठ सेंमी अंतर. तोंडाशी २१ अंश. बर्फ एक तास चाळीस मिनिटं पुरला.

९ एप्रिल
बर्फ संपल्यावर पंप चालूच ठेवला. तोंडाशी २७ अंशांवर स्थिरावलं. म्हणजे बर्फाशिवाय १२ अंशांची घट. हा आपला कूलर. गवताच्या जाळीऐवजी मलमल, टिल्लू पंपाऐवजी लहान पंप, एवढाच फरक.

वॉशिंग्टनच्या जुलैत हे झालं नसतं. हवा आधीच दमट, पडद्यावरचं पाणी उडायला वाव कमी. तिथे बर्फ लागणारच. आपल्याकडेही आषाढात कूलर नुसता ओलसर वारा देतो ते याच कारणाने. उलट बर्फाचा पडदा दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते त्याच्या) खाली असला की तो हवेतलं पाणी काढून घेतो. कालच्या ३९ अंश आणि २० टक्क्यांना दवबिंदू १२ अंशांच्या आसपास येतो. टबातलं पाणी त्याच्या खाली असेपर्यंत टबाची पातळी किंचित वाढत होती, वर गेल्यावर घटायला लागली. पट्टी लावून दाखवता येईल.

बर्फाची रोजची खेप परवडणारी नाही. शनिवार-रविवार बर्फ, बाकी दिवस नुसतं पाणी, आणि दोन्हींचे आकडे फळ्यावर.

१६ एप्रिल
पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या भागाचे ग्लू-गनने चिकटवलेले दिवे गळून पडले, अकरा. गरम गोंद उन्हाळ्यात आधी मऊ पडतो आणि मग वजनाने सरकतो. पत्र्याखाली तर जास्तच. सगळे स्क्रू आणि क्लिपवर घेतले. अॅक्रिलिकची एक खिडकीही वाकली, तिथे काच.

१९ एप्रिल
सौर. २० जून १९७९, कार्टर, पश्चिम विंगच्या छतावर पाणी तापवणारे ३२ पॅनेल. १९८६ मध्ये छताच्या दुरुस्तीसाठी उतरवले ते परत चढलेच नाहीत. म्हणून छतावर रिकामे खिळे ठेवलेत. नमुना छोटा: तांब्याची नळी, काळा पत्रा, वर काच. टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा ३० सेंमी वर, नाहीतर रात्री पाणी उलटं फिरून थंड होतं. इथल्या घराघरांवर हे आहे, जास्त सांगायला नको. क्षारांचा तेवढा उल्लेख.

२२ एप्रिल
शेवटचा तक्ता, आपल्याकडचा. दिल्लीचं राष्ट्रपती भवन १९२९ ला पूर्ण झालं, ३४० खोल्या. घर उभं राहतानाच वीज आणि नळ हिशेबात होते. पण शेजारी ठेवायला जास्त चांगलं घर सिकंदराबादजवळ बोलारमचं राष्ट्रपती निलयम, राष्ट्रपतींचं दक्षिणेतलं मुक्कामाचं घर. १८६० ची एकमजली इमारत, हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर सरकारकडे आली. तेच संस्थान ज्यात मराठवाडा होता, म्हणून इथल्या वाचकाला ती परकी नाही. तिथे स्वयंपाकघर वेगळं आहे आणि जेवणघरापर्यंत जमिनीखालून बोगदा. धूर, उष्णता आणि वास बाहेर ठेवायचा, जेवण मात्र आत आणायचं. भिंतीला खाच न घेता.

ट्रुमनच्या दुरुस्तीच्या तक्त्यात तीन ओळी वाढवल्या: आतला सांगाडा ६६० टन पोलादाचा, खाली दोन नवी तळघरं, यंत्रं आणि नळकांड्यांना तिथे आणि भिंतींच्या आत राखलेली जागा. २७ मार्च १९५२ ला कुटुंब परत राहायला आलं.

२४ एप्रिल
दोन्ही भाग दारातून आत गेले, प्रत्येक बाजूला १५ सेंमी मोकळे ठेवून. बोल्ट बसले. पाण्याचा एक जोड गळतो. नळीचं टोक कात्रीने तिरकं कापलं गेलं होतं. ब्लेडने सरळ कापून पुन्हा बसवायचं. उद्या सकाळी कॅन भरण्याआधी.